तुला पुरेल इतकाच मध

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे २५:१६, २७-२८, १ शमुवेल १४:२४-३०



पवित्र शास्त्रात जेवणाच्या ताटाविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. आपल्या व्यासपीठांवरून मात्र त्याविषयी क्वचितच बोलले जाते. मद्यपान व तंबाखू यांविरुद्धचे उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते योग्यच आहेत. परंतु उपासना संपल्यावर मंदिराच्या ओसरीत जो चहा वाटला जातो त्यात किती चमचे साखर असते, हा प्रश्न आजवर कोणत्या पाळकांनी उपदेशातून विचारला असेल? साखर ही आपल्याला पापरहित वस्तू वाटते. ती शुभ्र आहे, स्वस्त आहे, पाहुणचाराची आहे. बाळ जन्मले, परीक्षेत यश आले, सोयरीक जमली, की आपण प्रथम तोंड गोड करतो.

आणि तरीही आपल्या प्रार्थनाविनंत्यांची यादी काढून पाहा. कोणाच्या पायाची जखम भरत नाही, कोणाची दृष्टी मंदावली आहे, कोणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. यांपैकी कितीतरी नावांच्या मागे मधुमेह उभा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. तेथे प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चारांतील एकाहून अधिक माणसे मधुमेही आहेत. ही केवळ वैद्यांची चिंता आहे, मंडळीची नव्हे, असे आपण म्हणू शकतो काय?

१. मध हे देवाचे दान आहे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू या. शास्त्र गोडाचा द्वेष करीत नाही. ज्या शलमोनाच्या नावाने नीतिसूत्रे आपल्याला मिळाली, तो आपल्या मुलाला मध खा, तो चांगला आहे, असे मोकळेपणाने सांगतो (नीतिसूत्रे २४:१३). वचनदत्त देशाचे वर्णन दूध व मध यांनीच केलेले आहे. अरण्यातील मान्न्याची चव मध घातलेल्या पोळीसारखी होती (निर्गम १६:३१). एज्राने नियमशास्त्र वाचून दाखवले त्या पवित्र दिवशी नहेम्याने लोकांना रडण्यास मनाई केली आणि गोड पेये प्यायला सांगितले (नहेम्या ८:१०). ज्या देवाने जिभेला गोडीचे ज्ञान दिले, त्याने ते आपल्याला फसवण्यासाठी दिलेले नाही.

येथे भाषांतराच्या दृष्टीने एक सूचना आवश्यक आहे. मराठीत आपण 'मध' म्हणतो तेथे इब्री भाषेत 'देवश' हा शब्द आहे. त्याचा अर्थ मधमाश्यांचा मध असा होतो, तसाच खजुरासारख्या फळांचा आटवलेला घट्ट रस असाही होऊ शकतो. इस्राएल लोक त्या काळी मधमाश्या पाळत असत की नाही याविषयी पंडितांना बराच काळ शंका होती. २००७ मध्ये यार्देनेच्या खोऱ्यातील तेल रेहोव येथे आमिहाई माझार यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात मातीच्या पोळ्यांच्या रांगाच सापडल्या. त्या ख्रिस्तपूर्व दहाव्या-नवव्या शतकांतील आहेत. तेव्हा 'देवश' या शब्दामागे खरोखरीच्या मधमाश्याही होत्या, हे आता निश्चित झाले आहे.

साखर मात्र पवित्र शास्त्रात नाही. यिर्मया ६:२० येथे काही जुन्या इंग्रजी भाषांतरांत 'गोड वेत' अशा अर्थाचे शब्द येतात, त्यावरून वाचकाला ऊस आठवतो. परंतु तेथे धूपासोबत उल्लेखिलेला तो एक सुगंधी वेत होय. उसाची साखर ही आपल्याच देशाने जगाला दिलेली वस्तू आहे. संस्कृतातील 'शर्करा' म्हणजे खडे, वाळू. त्याच शब्दापासून आपली 'साखर' झाली, आणि तोच अरबी भाषेच्या वाटेने युरोपात पोहोचून इंग्रजांचा 'शुगर' झाला. तेव्हा हा विषय परक्या देशाचा नाही. तो आपल्या शेताचा, आपल्या कारखान्याचा आणि आपल्या डब्याचा आहे.

२. 'तुझे पुरेसे'

नीतिसूत्रे २५:१६ चा आशय असा आहे : तुला मध सापडला आहे काय? तर तुला पुरेल इतकाच खा. नाहीतर अतितृप्त होऊन तू तो ओकून टाकशील. इब्री मूळ वाक्य अगदी आटोपशीर आहे. त्यातील दोन शब्दांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

पहिला शब्द 'मात्साता', म्हणजे 'तुला सापडला'. शलमोनाच्या काळी सामान्य मनुष्याला मध सापडत असे. खडकाच्या कपारीत, झाडाच्या ढोलीत, कधी मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात, जसा तो शमशोनाला सापडला (शास्ते १४:८). माश्यांचे डंख सोसावे लागत. वर्षाकाठी असे प्रसंग किती येणार? म्हणजे ज्याला गोड क्वचित मिळत होते, त्या मनुष्यालाही देवाचे वचन आवर घालण्यास सांगत होते. मग आपली स्थिती काय वर्णावी? आपल्याला साखर शोधावी लागत नाही. तीच आपल्याला शोधत येते. ती चहात दिसते, पण बिस्किटात, पावात, टोमॅटोच्या सॉसमध्ये, न्याहारीच्या डब्यात आणि मुलांच्या 'पौष्टिक' म्हणवणाऱ्या पेयांच्या पुडीत ती लपलेली असते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. तेवढी साखर समोर ठेवून चमच्याने खाण्यास सांगितली, तर आपण नकार देऊ. पाण्यात विरघळवून थंड करून दिली, की घटकाभरात संपवतो.

दुसरा शब्द 'दय्येका'. 'दय' म्हणजे पुरेसे, आणि त्याला जोडलेला प्रत्यय 'तुझे' असे सांगतो. 'तुझे पुरेसे' खा, असा त्याचा शब्दशः अर्थ. माप प्रत्येकाचे निराळे आहे. दिवसभर नांगर धरणाऱ्या तरुणाचे पुरेसे आणि दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या पन्नाशीतील मनुष्याचे पुरेसे एक नसते. ज्याच्या आईवडिलांना मधुमेह होता त्याचे पुरेसे आणखी कमी असू शकते. आपण भारतीय लोक तर युरोपीय लोकांपेक्षा कमी वजन असतानाही आणि कमी वयातही मधुमेहाच्या तावडीत सापडतो, असे वैद्यकशास्त्र सांगते.

माप निराळे असले, तरी मर्यादा सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शन केले की, मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ती ५ टक्क्यांहून खाली आणल्यास अधिक लाभ संभवतो. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत हे प्रमाण अनुक्रमे ५० ग्रॅम व २५ ग्रॅम होते. चमच्यांत सांगायचे तर सुमारे बारा आणि सहा. यात वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि गाळलेले फळांचे रसही धरावयाचे आहेत. 'मी साखर सोडली, आता गूळच खातो,' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अखंड फळे व दूध यांतील नैसर्गिक गोडी मात्र यात धरलेली नाही. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, आणि त्यावर एक पेढा. एवढ्यानेच आपले पुरेसे कोठवर आले, हे वाचकांनीच मोजावे.

३. तोंडात गोड, पोटात कडू

योहानाने देवदूताच्या हातातील लहान पुस्तक खाल्ले, तेव्हा ते तोंडात मधासारखे गोड लागले, परंतु पोट कडू झाले (प्रकटीकरण १०:१०). त्या वचनाचा विषय भविष्यवाणी हा आहे, आहार नव्हे. मी येथे केवळ ते चित्र उसने घेत आहे, कारण साखरेचे शरीरातील कार्य त्याहून नेमक्या शब्दांत सांगणे कठीण.

तिचे पहिले काम तोंडात चालते. दातांवर वस्ती करणारे सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात व तिचे आम्ल करतात. ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळवू लागते. लाळ ही हानी हळूहळू भरून काढते, पण तिला उसंत हवी. दर तासाला काहीतरी गोड तोंडात पडत राहिले, की ती उसंत मिळत नाही, आणि दात किडतो.

पुढचे काम रक्तात व यकृतात होते. साखरेचा प्रत्येक कण ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन भागांचा बनलेला असतो. ग्लुकोज रक्तात येताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, आणि त्याच्या साहाय्याने ते स्नायूंत व इतर पेशींत शिरते. फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो. गरजेहून अधिक फ्रुक्टोज आले, की यकृत त्याची चरबी करू लागते. ती चरबी यकृतात साठते, रक्तात उतरते, आणि हळूहळू शरीर इन्सुलिनचा आदेश ऐकेनासे होते. मग स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते. वर्षानुवर्षे असे राबून ते थकते. तेव्हा रक्तातील साखर वाढलेलीच राहते, आणि डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, हृदय यांना जडणाऱ्या त्या सर्व पीडांना प्रारंभ होतो.

येथे सत्याला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मधुमेहाचे कारण एकटी साखर नाही. आनुवंशिकता, वाढलेले वजन, पोटावरील चरबी, बैठे जीवन, मैदा व पॉलिश केलेला तांदूळ यांचा अतिरेक, ही सर्व कारणे एकत्र येतात. परंतु या सर्वांत साखर, आणि विशेषतः पेयांतील साखर, हे असे कारण आहे की जे आज संध्याकाळपासून आपल्या हाती आहे. तिच्यात ऊर्जा आहे, पण प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत, चोथा नाही. आणि पेयातून आली तर ती पोट भरल्याची जाणीवही देत नाही.

४. लहानांच्या ताटात

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटनने साखरेवर शिधावाटप लागू केले. युद्ध संपले, तरी साखरेचे नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. त्याबरोबर तेथील मनुष्याचा दररोजचा साखरेचा खप सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिधावाटप उठण्याच्या आधी व नंतर गर्भात आलेल्या साठ हजार माणसांच्या प्रकृतीची त्यांच्या उतारवयात तुलना करण्यात आली. ज्यांचे गर्भावस्थेपासूनचे पहिले सुमारे एक हजार दिवस शिधावाटपाच्या काळात गेले होते, त्यांना प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. ज्यांना हे विकार झाले, त्यांनाही ते काही वर्षे उशिरा झाले.

वाचकहो, याचा अर्थ लक्षात घ्या. आईने गरोदरपणी काय खाल्ले आणि बाळाला दोन वर्षांचे होईपर्यंत काय भरवले, त्याचा जमाखर्च साठ वर्षांनंतरही त्या देहात लिहिलेला राहतो. ते बाळ स्वतः काही निवडू शकत नाही. त्याच्यासाठी आपण निवडतो. दोन वर्षांखालील मुलांच्या आहारात वरून साखर घालू नये, आणि एक वर्षाखालील बाळाला तर मध चाटवूच नये, कारण त्यातील जंतूंचे बीज त्याच्या कोवळ्या आतड्यांत विष निर्माण करू शकते. आजीआजोबांना ही गोष्ट जड जाईल. नातवाच्या तोंडाला गोड लावणे ही आपल्याकडे मायेची खूण आहे. पण माया म्हणजे मुलाला भाकर देणे, असे प्रभूने सांगितले (मत्तय ७:९-११). जे मागितले ते सर्व द्यावे, असे त्याने सांगितलेले नाही.

लहानांविषयीचा दुसरा प्रसंग वाचून मन खिन्न होते. १९४० नंतरच्या दशकात स्वीडनमधील लुंड शहरातील व्हिपेहोल्म रुग्णालयात दातांच्या किडीचे कारण शोधण्यासाठी प्रयोग झाले. त्या रुग्णालयात बुद्धीने दुर्बल असलेली माणसे ठेवलेली होती. त्यांच्या संमतीवाचून त्यांतील काहींना दातांना चिकटून राहणारी टॉफी मुद्दाम मोठ्या प्रमाणावर खाऊ घालण्यात आली, आणि अनेकांचे दात नष्ट झाले. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले : जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेली चिकट साखर दातांचा अधिक नाश करते. पुढे त्या देशात मुलांना मिठाई केवळ शनिवारी देण्याची पद्धत रूढ झाली. त्या ज्ञानाचा लाभ आज साऱ्या जगाला होतो; परंतु ज्यांनी त्याची किंमत भरली, त्यांना कोणी विचारलेही नव्हते. प्रभूने ज्यांना आपले कनिष्ठ बंधू म्हटले (मत्तय २५:४०), तेच ते. आपल्या शब्बाथशाळेत पाठांतराचे बक्षीस म्हणून जेव्हा आपण मूठभर चिकट गोळ्या देतो, तेव्हा त्यांची आठवण ठेवावी. देवाचे वचन मधाहून गोड आहे असे मुलांना शिकवताना त्याला खऱ्या गोळीचा आधार देण्याची गरज नाही.

५. खोटी तागडी

खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो (नीतिसूत्रे ११:१). साखरेच्या इतिहासात खोटी तागडीही आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकाराच्या कारणांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साखरेवरील संशय सौम्य करून दोष मुख्यतः चरबीकडे वळवला होता. तो लिहिणाऱ्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या साखरउद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते, ही गोष्ट त्यात सांगितलेली नव्हती. जुनी कागदपत्रे तपासून ती उजेडात आणली गेली २०१६ मध्ये. चरबीही निर्दोष नाही. पण मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत वाचकांच्या हाती तागडी सरळ नव्हती. म्हणून पाकिटावरील 'पौष्टिक' या मोठ्या अक्षरांपेक्षा मागील बाजूची बारीक अक्षरे वाचण्याची सवय विश्वासणाऱ्याने लावून घ्यावी. सीबीएसई या केंद्रीय शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना साखरेविषयी माहिती देणारे 'शुगर बोर्ड' लावण्यास सांगितले. शाळांना जे कळले, ते मंडळ्यांनाही कळावे.

तागडीच्या दुसऱ्या पारड्यात आणखी एक देह आहे. महाराष्ट्रातील वाचकांना तो परिचित आहे. अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, प्रवरानगरला देशातील सहकारी साखर कारखान्यांचा पाया घातला गेला; त्याच जिल्ह्यात आपल्या कितीतरी मंडळ्यांची मुळे आहेत. सहकाराने शेतकऱ्याला मान दिला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण दर हंगामात बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून कोयता घेऊन निघणारी कुटुंबे पहाटेपासून ऊस तोडतात. त्यांतील स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ज्यांनी शेते कापली त्यांची मजुरी ओरडते आणि कापणाऱ्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानी जातात, असे याकोब सांगतो (याकोब ५:४). आपल्या कपात विरघळलेल्या चमच्याला हाही इतिहास आहे. ज्याला आपले पुरेसे कळले, त्याला शेजाऱ्याचे अपुरेही दिसू लागते.

६. आजाऱ्याला दोष देऊ नका

इतके वाचून काही वाचकांच्या मनात एक नाव आले असेल, आणि त्यासोबत एक वाक्यही : 'गोड खाल्ले, आता भोगतो आहे.' हे वाक्य ओठांवर येऊ देऊ नका. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्या मनुष्यावर उपकार केला (योहान ९:१-७). काही मुलांना लहान वयातच जो मधुमेह होतो, त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते. त्याचा गोड खाण्याशी संबंध नसतो. प्रौढपणीच्या मधुमेहातही वारसा, गरिबी आणि अज्ञान यांचा वाटा मोठा असतो. ज्याला रोग झाला आहे त्याला न्यायाधीश नको असतो. त्याच्याबरोबर सकाळी चालायला येणारा सोबती हवा असतो.

आणि प्रार्थनेच्या जोरावर औषध बंद करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, आणि जानेवारी १९२२ पासून ते रुग्णांना मिळू लागले. तोवर हा रोग जडलेली मुले अल्पावधीत मरत. देव औषधातूनही उत्तर देतो.

येथे योनाथानाची गोष्ट आपल्याला साहाय्य करते. शौलाने युद्धाच्या दिवशी, संध्याकाळपर्यंत जो अन्न खाईल तो शापित असो, अशी शपथ लोकांना घातली. लोक थकून गळून गेले. योनाथानाला ती शपथ ठाऊक नव्हती. त्याने काठीचे टोक मधाच्या पोळ्यात बुडवून तोंडाला लावले, आणि त्याच्या डोळ्यांना तेज आले. पित्याने देशाला संकटात घातले, असे तो स्पष्ट म्हणाला. इन्सुलिन अथवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याची रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. ज्या साखरेपासून आपण त्याला वर्षभर जपले, तीच त्या घटकेला त्याचा प्राण वाचवते. असे रुग्ण डॉक्टरांना न विचारता उपवासप्रार्थनेला बसत असतील, तर पाळकांनी त्यांना प्रेमाने थांबवावे. शौलाची शपथ आपण कोणावर लादू नये.

७. तट नसलेले नगर

आपल्या वचनाकडे परत येऊ या. अति मध खाणे बरे नाही, असे नीतिसूत्रे २५:२७ सांगते, आणि लगेच अठ्ठाविसाव्या वचनात, ज्याला आपल्या मनावर ताबा नाही तो तट पडलेल्या नगरासारखा आहे, असे चित्र येते. हिज्कीयाच्या लोकांनी ही सूत्रे उतरून घेताना दोन्ही शेजारी ठेवली, हे अर्थपूर्ण आहे. नगराचा तट एका रात्रीत पडत नाही. एक दगड निसटतो, कोणी लक्ष देत नाही. मग दुसरा निसटतो.

हा तट कशाने बांधावा? पौलाने आत्म्याच्या फळांत जो शेवटचा गुण सांगितला, त्याला मराठी शास्त्रात 'इंद्रियदमन' म्हटले आहे (गलतीकरांस ५:२३). ग्रीक शब्द 'एंक्रातेइया'. त्याच्या मुळाशी 'क्रातोस', म्हणजे सामर्थ्य, सत्ता, हा शब्द आहे. दमन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देहाला पीडा देणारा तपस्वी येतो. परंतु पौलाचा भर देहाला छळण्यावर नाही. शिवू नको, चाखू नको, अशा नियमांनी देहाची वासना आटोक्यात येत नाही, असे तोच कलस्सैकरांना बजावतो (२:२०-२३). मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही, हे त्याचे सूत्र आहे (१ करिंथ ६:१२). त्याच अध्यायात तो शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. तेथे त्याचा विषय जारकर्म हा आहे, हे आपण विसरू नये. तथापि ज्या कारणास्तव तो ते म्हणतो, म्हणजे शरीर मोल देऊन विकत घेतलेले आहे आणि ते आपले स्वतःचे नाही, ते कारण ताटावरही तितकेच लागू पडते.

हे फळ आत्म्याचे आहे, म्हणून ते मागावे. फळ आहे, म्हणून ते हळूहळू पिकते. चहातील साखर एका दिवसात सोडवत नसेल, तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ नवी चव शिकते. मंडळीच्या चहात साखर वेगळी ठेवा, म्हणजे मधुमेही वडीलधाऱ्यांना कोपऱ्यात उभे राहून नकार द्यावा लागणार नाही. शीतपेयांच्या जागी पाणी, ताक, लिंबाचे फिकट सरबत असू द्या. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने रक्तातील साखर तपासून घ्यावी. भगिनीमंडळाने वा तरुणसंघाने वर्षातून एकदा मंदिराच्या आवारात असे शिबिर भरवावे. इंदूरला असो, बडोद्याला असो, हैदराबादला असो वा मुंबईला, हे कोणत्याही मंडळीला अशक्य नाही.

आणि नाताळात करंज्या करा, केकही करा. नहेम्याने गोड पेये प्यायला सांगितले, तेव्हा त्याच वाक्यात ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही त्यांना वाटे पाठवा, असेही सांगितले होते. सणाचे गोड सणापुरते राहिले आणि वाटून खाल्ले, तर ते पुन्हा दान होते. मान्ना गोळा करताना ज्याने जास्त गोळा केले त्याचे जास्त भरले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. आणि जे हावेने उरवून ठेवले, त्यात किडे पडले (निर्गम १६:१८-२०).

प्रिय वाचकहो, आज संध्याकाळी चहाचा कप हाती येईल, तेव्हा 'दय्येका' हा एक इब्री शब्द आठवा, आणि ज्याने तो मध आपल्याला सापडू दिला त्याचे उपकार मानून आपले पुरेसे घ्या. त्या पुरेशात समाधान मानण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो. आमेन.